प्रकरण सातवे : ‘आमच्या मापाचं आहे का हो?’

तयार कपड्यांच्या दुकानात हा प्रश्न दोन आवाजांत विचारला जातो. ज्यांची छाती छत्तीस-अडतीस इंचांत आहे त्या बायका दारातूनच विचारतात. ज्यांचं माप अठ्ठेचाळीसच्या पुढं गेलंय त्या काउंटरवर जरा वाकून, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारतात. उत्तर मात्र ठरलेलं असतं. ‘‘अक्का, ह्यात डबल एक्सेलच शेवटचं बघा. गाऊन दाखवू काय?’’

आमच्या अळणावर गावात दुकानं मोजकीच. इथं जमलं नाही की धारवाडची गाडी धरायची, तिथं नाही तर पुढं हुबळी, लग्नकार्य असेल तर बेळगाव. खानापूर-हल्याळकडच्या बायकांचीही हीच फेरी. इतकं फिरून हाताला लागतं ते पॉलिस्टरचं, गडद रंगाचं आणि काखेत काचणारं. बाजारात कापडाचे ढीग पडलेले असताना असं का व्हावं? त्यातही मोठ्या मापाचं काही मिळालंच, तरी ते अंगाला सुख का देत नाही? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण सुरुवात लेबलापासून करावी लागेल.

१. लेबलावरचा आकडा कशाचा?

घरात नवऱ्याच्या शर्टावर ४२ लिहिलेलं असतं आणि बायकोच्या कुर्तीवरही ४२. दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुरुषांच्या तयार शर्टावरचा ४२ हा बहुतेक वेळा कॉलरचा घेर असतो, तोही सेंटिमीटरमध्ये, म्हणजे साडेसोळा इंच. कुर्तीवरचा ४२ म्हणजे छाती, आणि ती इंचांत. पण ही छाती तुमच्या अंगाची की कुर्तीची, हे लेबल सांगत नाही. एका कंपनीची ‘४६’ ४६ इंची अंगासाठी असते. दुसरीच्या ‘४६’मध्ये कापडच ४६ इंच असतं, म्हणजे श्वास घ्यायलाही जागा नाही. एक्सेल, डबल एक्सेल हे तर प्रत्येक कंपनीचं स्वतःचं राज्य.

याचं कारण असं, की भारतीय माणसाच्या अंगाची मापं तयार कपड्यांसाठी देशपातळीवर पद्धतशीर कुणी घेतलीच नव्हती. आपल्याकडचे तक्ते बरेचसे इंग्रजी-अमेरिकी तक्त्यांवरून उतरवलेले, आणि ते मूळ तक्तेही फार पक्के नव्हते. अमेरिकेत १९३९-४०मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची तपशीलवार मापं घेतली गेली, पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्या मापांच्या आधारानं १९५८मध्ये तिथं प्रमाण मापं ठरली आणि १९८३मध्ये ती मागेही घेतली गेली. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे ‘निफ्ट’नं, ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरनं घ्यायची, अशी ती योजना.

गंमत अशी, की मापाच्या बाबतीत काटेकोर असलेली एक वस्तू आपल्या शेजारीच तयार होते. हुबळीच्या बेंगेरीत खादीचा राष्ट्रध्वज शिवतात, धारवाडजवळचं गरगही ध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे. ध्वजाची नऊ मापं ठरलेली आहेत. सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटर, सर्वांत मोठं ६३०० बाय ४२००. त्यात कमीजास्त झालं तर झेंडा बाद. झेंड्याच्या मापाची देशानं घेतली तेवढी काळजी माणसाच्या मापाची घ्यायला बराच उशीर झाला.

तूर्त आपण काय करायचं? दुकानात टेप घेऊन जायचं. कुर्ती काउंटरवर सपाट पसरायची, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. २४ इंच भरलं तर कुर्ती ४८ची, मग लेबलावर काहीही असो. ४८च्या सुती कुर्तीत ४४ छातीची बाई आरामात राहते. ४८ छातीची राहत नाही. दुकानातला पोरगा टेपकडं बघत राहील. राहू दे.

२. दुकानदार मोठी मापं का ठेवत नाही?

ठोक बाजारात कुर्ती सुटी मिळत नाही, सेटमध्ये मिळते. एका डिझाइनच्या सेटमध्ये साधारण एम, एल, एक्सेल आणि डबल एक्सेल असे चार नग. समजा, दुकानदारानं ३५० रुपये भावानं दहा डिझाइनं घेतली. चाळीस नग, १४,००० रुपये. आता त्याला प्रत्येक डिझाइनमध्ये थ्री, फोर आणि फाइव्ह एक्सेलही ठेवायचे आहेत. आणखी तीस नग, म्हणजे त्याच भावानं धरले तरी १०,५०० रुपये जादा गुंतले. छोट्या गावात ते नग दिवाळीपर्यंत खपले नाहीत तर संक्रांतीला निम्म्या भावात काढावे लागतात. म्हणून तो म्हणतो, ‘‘त्या मापाला गिऱ्हाईक नाही.’’

इथं त्याचा हिशेब चुकतो. विकलेल्या मालाची नोंद त्याच्या वहीत असते, पण विचारून उंबऱ्यावरूनच परत फिरलेल्या बाईची नसते. ज्यांना मिळत नाही त्या पुढच्या वेळी विचारतही नाहीत आणि थेट धारवाडला जातात. मागणी आहे, फक्त ती त्याच्या डोळ्यांपुढून दुसऱ्या गावाला निघून जाते.

ठोक बाजारात मोठ्या मापांचे वेगळे सेटही येतात. गल्लीतल्या तिघी-चौघींनी मिळून ओळखीच्या दुकानदाराला ‘आम्ही नक्की घेतो, एक सेट मागवा’ म्हटलं तर बरेच दुकानदार मागवतात. ‘फ्री साइज’च्या नादी मात्र लागू नका. फ्री साइज म्हणजे कुणाचंच माप न घेता शिवलेला कपडा.

३. पन्ह्याचं गणित

मोठ्या मापाला कापड जास्त लागतं हे उघड आहे. पण किती जास्त? इथं भलेभले फसतात, कारण कापड मापाच्या प्रमाणात वाढत नाही. एका ठिकाणी ते एकदम उडी मारतं.

४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड घ्या. सरळ कुर्ती, दाब (शिवणीत मुडपायचं जादा कापड) धरून उंची ४४ इंच, बाही दाबासकट १४ इंच. पहिली बाई लहान मापाची, कुर्तीचा घेर ४० इंच. पुढचा भाग २० इंच, शिवणीसह २१. मागचाही तेवढाच. २१ आणि २१ मिळून ४२. दोन्ही भाग पन्ह्यात शेजारी शेजारी बसले. म्हणजे ४४ इंच लांबीत अंग निघालं, खाली १४ इंचांत दोन्ही बाह्या. एकूण ५८ इंच, जेमतेम दीड मीटर.

दुसरीचा घेर ५२ इंच. प्रत्येक भाग २६, जरा जास्त दाब ठेवून २८. दोन मिळून ५६ झाले आणि पन्हा संपला ४४वरच. आता पुढचा भाग वर आणि मागचा खाली असंच कापावं लागतं. ४४ अधिक ४४ अधिक बाह्यांचे १४, झाले १०२ इंच. दोन मीटर साठ सेंटिमीटर. घेर तीस टक्क्यांनी वाढला, पण कापड सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी. मोठी मापं महाग का असतात आणि कारखानदार डबल एक्सेलपाशी का थांबतो, याचं अर्धं उत्तर या उडीत आहे.

आता तीच दुसरी कुर्ती ५८ इंच पन्ह्याच्या कापडावर मांडा. ५६ इंच आत बसले! अंगाला ४४, बाह्यांना १४. पुन्हा ५८ इंचच लांबी. कापड घ्यायला गेलात की रंगाआधी पन्हा विचारायचा तो यासाठी. रुंद पन्ह्याचा भाव मीटरला जास्त असतो, तरी हिशेब बहुधा आपल्याच बाजूनं लागतो.

४. पोळी लाटल्यासारखा कपडा

कारखान्यात प्रत्येक मापाचा कागद नव्यानं आखत नाहीत. मधल्या मापाचा एक चांगला कागद असतो. तोच थोडा थोडा वाढवून पुढची मापं काढतात. पोळी लाटताना ती जशी सगळीकडून सारखी मोठी होते, तसा हा कागद वाढतो. एक-दोन मापांपर्यंत हे चालतं. पुढं बिघडतं, कारण अंग पोळीसारखं वाढत नाही. मांस वाढतं, हाडं तेवढीच राहतात. छत्तीसची बाई अठ्ठेचाळीसला गेली म्हणून तिचे खांदे फुटभर रुंद होत नाहीत. गळ्याचा घेर थोडाच वाढतो, दंड बराच वाढतो, पोट पुढं येतं आणि पाठ मात्र होती तशीच असते.

म्हणून फोर एक्सेलची कुर्ती घातली की खांदा दंडावर उतरतो, गळा घसरतो, पाठीवर झोळ पडतो आणि एवढं ढगळ असूनही दंडाला आवळतं. बाई घरी जाऊन आरशाला म्हणते, माझंच अंग वेडंवाकडं आहे. अंग ठीक आहे, कागद चुकलाय.

हे शंभर वर्षांपूर्वी एका दुकानानं ओळखलं होतं. न्यूयॉर्कमध्ये लेना ब्रायंट नावाची लिथुआनियातून आलेली शिवणकाम करणारी बाई होती. तिनं आधी गरोदर बायकांसाठी कपडे केले, मग स्थूल बायकांसाठी. बँकेच्या कागदावर ‘लेना’चं ‘लेन’ झालं आणि ‘लेन ब्रायंट’ याच नावानं दुकान गाजलं. तिचा नवरा अल्बर्ट माल्सिन इंजिनिअर. त्यानं दुकानात येणाऱ्या सुमारे ४,५०० बायकांची मापं घेतली, विमा कंपनीकडून आणखी सुमारे दोन लाख बायकांची मिळवली, आणि त्यातून त्याला दिसलं की जाड अंगाचे ठळक तीन प्रकार आहेत. तिघींची छाती सारखी असली तरी एकीचा कागद दुसरीला चालत नाही.

आता मुंढ्याकडं या. मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडली जाते ती गोलाई. सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दंड जाड आहे म्हणून शिंपी मुंढा खाली खोल कापतो. कापताना वाटतं, जागा वाढली. घातल्यावर उलटं होतं. बाही काखेऐवजी बरगडीपाशी जोडलेली असते, त्यामुळं हात वर केला की बाहीबरोबर अख्खी कुर्ती वर ओढली जाते. गाडीत वरच्या फळीवर पिशवी ठेवताना, दोरीवर धुणं टाकताना कुर्ती पोटावर चढते ती यामुळं. मुंढा काखेच्या जवळ ठेवला आणि बाही मात्र रुंद कापली, तर हात फिरतो आणि कुर्ती जागेवर राहते.

आपल्या जुन्या शिंप्यांना हे ठाऊक होतं. बाराबंदी किंवा जुना कुडता बघा. काखेत एक चौकोनी तुकडा कोन फिरवून बसवलेला असतो, बाजूला कळ्या घातलेल्या असतात. तीन-चार इंचांच्या त्या चौकोनामुळं हात मोकळा होतो आणि मुंढा खाली न्यावा लागत नाही. शिवाय बाराबंदीला बंद असतात. दोन महिन्यांत पोट सुटलं किंवा उतरलं तर बंद सैल नाहीतर घट्ट बांधायचे. पुढं गाठ मारायच्या चोळीचंही तसंच. इरकली लुगडं असो वा धोतर, त्यांना मापच नसतं. मापाची कटकट सुरू झाली ती बटण-काज्यांचा अंगाबरोबर बसणारा कपडा आला तेव्हापासून. गुळेदगुड्डचा खण सगळ्यांना सारखाच, पण त्याचं पोलकं शिवताना एका खणात बसायचं की काखेत जोड द्यायचा, हा विचार आजीच्या काळीही करावाच लागत होता, आणि जोड देण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

५. लूज किती ठेवायचं?

अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांतल्या फरकाला शिंपी ‘लूज’ म्हणतात. न ताणणाऱ्या सुती कापडाला छातीत चार इंच, दंडाला दोन-अडीच इंच लूज लागतं. होजियरी ताणते, तिला कमी पुरतं.

सीटचं माप मात्र नुसतं उभं राहून घेऊ नका. उभं असताना घ्या आणि खुर्चीवर बसूनही घ्या. बसल्यावर मांस पसरतं आणि माप वाढतं. दिवसातले कितीतरी तास आपण बसलेले असतो, मग कपडा उभ्या मापाचा कशाला? सलवारीच्या आसनाचंही तेच. सपाट स्टुलावर बसून कंबरेपासून स्टुलापर्यंतचं अंतर मोजा. मागचं आसन पुढच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर वाकलं की सलवार मागून खाली सरकते. कुर्तीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा इंच-दीड इंच लांब ठेवला की पोटावरून जाऊनही घेर खाली सरळ पडतो.

सगळीकडं ढगळ म्हणजे आराम, असं मात्र नाही. खांद्यावर लूज दिलं तर कपडा दिवसभर घसरत राहतो. खांदा आणि पाठ बेताची, छाती-पोट-दंड मोकळे, हे सूत्र.

आतल्या कपड्यांतही हाच घोळ आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. ब्रेसियरवरचा आकडा स्तनांखालच्या घेराचा आणि अक्षर वाटीचं. मोठी वाटी मिळत नाही म्हणून दुकानात ३८ ऐवजी ४२चा पट्टा गळ्यात मारतात. पट्टा सैल पडतो, पाठीमागं वर चढतो आणि सगळं वजन खांद्यावरच्या दोन बारीक पट्ट्यांवर येतं. खांद्यांना खाच पडते, मान दुखते. वजन खालच्या पट्ट्यानं पेलायला हवं. म्हणून घेर घट्टच घ्यायचा आणि वाटी मोठी मागायची.

६. अळणावरचा पाऊस आणि कापड

अंग वाढतं तेव्हा वजन जेवढं वाढतं तेवढी कातडी वाढत नाही. उष्णता तयार होते ती वजनाप्रमाणं, बाहेर पडते ती कातडीवाटे. म्हणून मोठ्या अंगाला उकाडा जास्त जाणवतो. कोरडं सुती कापड हवेतली वाफ वजनाच्या साधारण आठ टक्के धरून ठेवतं, रेयॉन त्याहून जास्त, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मोठ्या मापांत दुकानं नेमकं पॉलिस्टर पुढं करतात, कारण ते स्वस्त असतं आणि चुरगळत नाही.

पण सुती घ्या एवढं सांगून भागत नाही. अळणावर मलनाडच्या कडेला आहे, जून ते सप्टेंबर इथं धुणं वाळत नाही. जाड सुती कापड घामानं आणि दमटपणानं ओलं राहिलं की शिवण कातडी सोलते. या दिवसांत केंब्रिक किंवा मलमलसारखं पातळ सुती कापड बरं. मांड्या घासत असतील तर सलवारीच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती-लायक्रा शॉर्ट्स घाला. पावडरपेक्षा तिनं जास्त फरक पडतो. कातडीच्या घड्यांत चट्टे उठले तर मात्र औषधाच्या दुकानातून ट्यूब आणून चोळू नका. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं आणि त्यानं नायटा चिघळतो. डॉक्टरांना दाखवा.

आणि आटणं. समजा, छाती ४६, चार इंच लूज धरून कुर्ती ५०ची शिवली. पहिल्या धुण्यात कापड चार टक्के आटलं तर दोन इंच गेले. म्हणजे निम्मं लूज गेलं. तेच कापड ३६च्या कुर्तीत दीड इंचही आटत नाही. कापण्याआधी कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडं द्यायचं.

७. शिंप्यापुढं

आपल्याकडं मापाला जुना ब्लाउज द्यायची रीत आहे. सोयीची खरी, पण त्यामुळं जुन्यातली चूक नव्यात जशीच्या तशी उतरते. त्यापेक्षा माप अंगावर द्या आणि देताना पोट आत ओढू नका. टेप वाचणाऱ्याला त्याचं काही नसतं, नंतर काचतं ते आपल्यालाच.

बोलायचं ते नेमकं बोला. ‘‘अण्णा, जरा सैल शिवा’’ म्हटलं की तो सगळीकडून दोन इंच वाढवतो. त्याऐवजी, ‘‘खांदा वाढवू नका. मुंढा वरच ठेवा, बाही रुंद करा. दंडाचं माप वेगळं लिहून घ्या, आणि पुढचा भाग दीड इंच लांब.’’ तो बहुधा म्हणेल, ‘‘वहिनी, असं कोण शिवत नाही.’’ त्यावर वाद नको. पहिली कुर्ती मांजरपाटाची करून मागा. मांजरपाट स्वस्त, त्यावर पेनानं खुणा करता येतात. ती घालून त्याच्यासमोरच दोन्ही हात वर करा, स्टुलावर बसा, खाली वाकून चप्पल उचला. जिथं ओढतंय तिथं खूण करून घ्या.

शिलाईचंही बोलून ठेवावं. मोठ्या मापाला कापड जास्त लागतं हे खरं, पण टिपा तेवढ्याच आणि वेळही थोडाच जास्त. दीडपट शिलाई मागितली तर घासाघीस करायला हरकत नाही. काखेतला चौकोन आणि आतला अर्धा-अर्धा इंच जादा दाब यांचे मात्र पैसे द्यावेत, कारण तिथं खरंच काम वाढतं. हा दाब उद्या अंग वाढलं तर उसवता येतो.

दुरुस्त झालेला मांजरपाट उसवून त्याचे तुकडे खाकी कागदावर ठेवून आखून घ्या. कागदावर तारीख, छाती, दंड आणि बसल्याचं सीट लिहा, आणि त्याची एक प्रत घरी ठेवा, कारण शिंपी दुकान बदलतो, वही हरवते, कधी धंदाच सोडून देतो. मग धारवाडात चांगलं रुंद पन्ह्याचं कापड दिसलं तर माप द्यायला थांबायचं काम नाही. कागद आणि कापड, दोन्ही एकाच पिशवीत घालून द्यायचं.